भिंत पडली, हप्ता उभाच: वाचकांचे पैशाचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार सर. आमचं गाव परंडा तालुक्यात, सीनेच्या काठाला. सप्टेंबर 2025 च्या पुरात घरात छातीएवढं पाणी आलं, मागची भिंत पूर्ण गेली, स्वयंपाकघराच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग आहे, माझी शिलाई मशीन अन पिको मशीन दोन्ही चिखलात गेल्या. घर लोन काढून बांधलेलं, 11 लाख बाकी, 15 वर्षं राहिलीत, व्याज 9 टक्के, हप्ता 11,157. मिस्टरांचं काम पुरापासून बसलंय, 2 हप्ते थकले. फायनान्सवाले रोज फोन करायलेत. मी म्हणलं शासनाने वसुलीला स्थगिती दिलीय की, तर म्हणायलेत ती तुम्हाला नाही. खरं काय? दीर म्हणायलेत अर्ज देऊन 6 महिने हप्ताच बंद करून घ्या. घ्यावा का?
(एक वाचक भगिनी, धाराशिव जिल्हा)

उत्तर: ताई, फोनवरचा माणूस कसाही बोलत असेल पण एवढं तो खरं बोलतोय. शासनाच्या सवलतीत नीट वाचलं तर शब्द असतात ‘शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीस स्थगिती’. म्हणजे पीककर्ज वगैरे. घराचं लोन त्यात बसत नाही, आणि गावात मात्र सगळे ‘वसुली बंद झाली’ एवढंच ऐकतात अन निवांत बसतात, तिथंच घात होतो. कारण हप्ता थकून 90 दिवस उलटले की खातं एनपीए (म्हणजे थकीत-बुडीत कर्ज) होतं, मग सरफेसी कायद्याची (तारण घर ताब्यात घेऊन विकायचा कायदा) 60 दिवसांची नोटीस येऊ शकते, आणि त्यानंतर कुणी तुमचं गाऱ्हाणं ऐकायच्या मूडमध्ये नसतं. तुमचे 2 च थकलेत, म्हणजे अजून वेळ आहे पण फार नाही. या आठवड्यात शाखेत जा. फोनवर बोलू नका, लेखी अर्ज द्या, पंचनाम्याची प्रत, भिंतीचे फोटो, मिस्टरांचं काम थांबल्याचा काहीतरी कागद जोडा, अन दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख घेतल्याशिवाय तिथून उठू नका. हप्ता पुढं ढकलायचा की नाही हे शेवटी त्यांच्या हातात असतं, पण लेखी मागितलेलं नाकारायला त्यांनाही जरा जड जातं.

आता दिरांचं म्हणणं. 6 महिने हप्ता शून्य ऐकायला लई बरं वाटतं. पण व्याज थांबत नाही ना. तुमचंच गणित मी कागदावर मांडलं: महिन्याचं व्याज 8,250, ते 6 महिने मुद्दलात चढत गेलं की बाकी 11 लाखाची साडेअकरा लाख होते, आणि हप्ता तेवढाच ठेवला तर 180 च्या जागी 199 हप्ते भरावे लागतात. विश्रांती 6 महिन्यांची, भुर्दंड जवळपास 19 हप्त्यांचा, म्हणजे 2 लाखाच्या वर! त्याऐवजी अर्जात असं लिहा की ‘6 महिने फक्त व्याज भरतो, मुद्दल नंतर’. महिन्याला 8,250 गेले, एकूण 49,500, आणि पुढं 180 हप्ते होते तेवढेच राहिले. तेवढेही जमत नसतील तर मग शून्य घ्या, पण डोळे उघडे ठेवून घ्या. अन हप्त्यासाठी शेकडा 3 ने हातउसने तर अजिबात काढू नका, ते वर्षाला 36 टक्के झाले, 9 टक्क्याचं कर्ज वाचवायला.

पंचनाम्यात काय लिहिलंय तेही बघा. पक्कं घर ‘पूर्णतः’ पडलं तर सपाट भागात 1 लाख 20 हजार, ‘अंशतः’ असलं तर 6,500 रुपये, एका शब्दाचा फरक आहे. मागची भिंत गेली अन दुसरी चिरली म्हणजे घर राहण्याजोगं आहे का हा प्रश्न तहसीलला लेखी विचारा, फेरपाहणी मागा. जी मदत खात्यावर येईल त्यातून बँकेने वसुली करू नये असं शासनाच्या आदेशात लिहिलेलं असतं, तरी हप्ता ज्या खात्यातून कटतो ते खातं मदतीसाठी देऊ नका, उगीच कशाला भांडण.

अजून एक, लोन घेताना विम्याचा प्रीमियम कापलाय का ते स्टेटमेंटमध्ये बघा. दोन प्रकार असतात. एक माणसाचा (कर्जदार गेला तर कर्ज फिटतं), पुरात त्याचा उपयोग शून्य. दुसरा घराचा, त्यात पूर धरलेला असतो. किल्लारीच्या भूकंपात 1993 ला दगडमातीची घरं होती, त्यावर ना लोन होतं ना विमा. आता आरसीसीच्या घरावर दोन्ही असतं, आणि पॉलिसी कपाटात कुठं आहे ते कुणालाच माहीत नसतं.

फोन सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर आला तर तारीख-वेळ लिहून ठेवा, ते नियमात बसत नाही. तक्रार आधी कंपनीकडे, ऐकलं नाही तर हाऊसिंग फायनान्स कंपनी असेल तर नॅशनल हाऊसिंग बँकेकडे. बँक असती तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, 14448 ला फोन लावून विचारता येतं.

प्रश्न: गोदावरीच्या पाण्यात तळमजल्याचा फ्लॅट भिजला. घराचा विमा होता, क्लेम मंजूर झाला, पण पैसे थेट बँकेत लोनखात्यात गेले! दुरुस्ती कशातून करू?
(नांदेड)

उत्तर: तुमचं घर तारण आहे ना दादा, पॉलिसीवर बँकेचं नाव चढवलेलं असतं म्हणून चेक तिकडं जातो. चिडू नका, मिस्त्रीचं कोटेशन अन बिलं घेऊन जा, आणि ‘ही रक्कम कर्जात न वळवता दुरुस्तीसाठी द्या’ असा अर्ज द्या. घर नीट झालं तर तारण त्यांचंच सुरक्षित राहतं, हा मुद्दा मॅनेजरला पटतो. विमा कंपनीने रक्कम कमी धरली असं वाटत असेल तर ती तक्रार वेगळी, आधी त्यांना लेखी कळवा, मग पुण्याच्या विमा लोकपालाकडे. आणि भिजलेलं लाकडी सामान अजून टाकलं नसेल तर फोटो काढून घ्या, मग भंगारवाल्याला बोलवा.