'मी थेट निर्माताच होतो' म्हणणाऱ्या मुलाच्या आईस

ताई, सप्रेम नमस्कार.

भांडुपहून आलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगा टी.वाय.बी.कॉम.ला आहे, एका विषयाची केटी, म्हणजे नापास झालेल्या विषयाची परीक्षा, राहिली आहे. कॉलेजच्या एकांकिकांमध्ये त्याचं नाव आहे, घोडबंदर रोडच्या सेटवर दोन मालिकांत छोटी कामंही मिळाली. आता तो म्हणतो, "ऑडिशनच्या रांगेत किती वर्षं उभा राहू? मोठे नट शेवटी निर्मातेच होतात, मग मी आत्ताच का नको?" चार मित्रांनी दहा-दहा लाख घालून मराठी चित्रपट काढायचा बेत आहे आणि त्याच्या वाट्याचे दहा लाख बेस्टमधून निवृत्त झालेल्या वडिलांच्या फंडातून हवे आहेत. तुमचा प्रश्न असा, की त्याचं ऐकावं की हा नादच सोडवावा?

ताई, पैसे देऊ नका. पण नाद सोडवायच्याही मागे लागू नका.

मुलाचं एक म्हणणं अगदी खरं आहे. नटाला मानधन मिळतं, चित्रपट मात्र निर्मात्याचा असतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा पहिला हक्कदार निर्माता मानला आहे आणि तो हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतो. उद्या तो टीव्हीला विकला, ओटीटीला दिला, तर पैसा येतो तो निर्मात्याकडे. मालिकेत राबणाऱ्या नटाचे दिवसाचे पैसेसुद्धा बहुतेक ठिकाणी ९० दिवसांनी हातात पडतात. विशीतल्या पोराला हा फरक दिसला, याचं मला कौतुकच वाटतं. चूक आहे ती 'आत्ताच' या शब्दात.

दादा कोंडक्यांचं उदाहरण तुमच्या यजमानांना लगेच पटेल. नायगाव-लालबागच्या गिरणगावात वाढलेला हा माणूस, 'अपना बाजार'मध्ये नोकरी करायचा. सेवादलाच्या कलापथकातून घडला, मग वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याचे दीड हजारांच्या वर प्रयोग केले. दीड हजार रात्री समोरचा प्रेक्षक कुठे हसतो, कुठे चुळबुळ करतो, हे त्यांनी रंगमंचावरून पाहिलं. १९६९ साली भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती'त पडद्यावर आले आणि त्यानंतर १९७१ मध्ये 'सोंगाड्या' काढून निर्माते झाले. त्याचं लेखनही सबनिसांचंच. म्हणजे ज्या लेखकाच्या शब्दांवर लोक हसतात हे वर्षानुवर्षं तपासून झालं होतं, त्याच्याच शब्दांवर त्यांनी पैसा लावला. बाहेरून जुगार वाटतो, पण तो आंधळा नव्हता.

एवढं असूनही चित्रपट तयार झाल्यावर खरी लढाई थिएटरसाठी झाली. दादरच्या कोहिनूरमध्ये 'सोंगाड्या' लागावा म्हणून शिवसेनेला मध्ये पडावं लागलं, हे त्या पिढीच्या मुंबईकरांना अजून आठवतं. पुढे त्यांचे नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले, गिनीज बुकात नोंद झाली. तुमच्या मुलाला बहुधा गिनीज बुक ठाऊक असेल. त्याला ते दीड हजार प्रयोग सांगा.

महेश कोठारे यांनी १९६३ च्या 'छोटा जवान'मध्ये बालकलाकार म्हणून काम केलं. 'धूमधडाका' घेऊन निर्माता-दिग्दर्शक म्हणून ते आले १९८५ मध्ये. मधल्या काळात कायद्याचं शिक्षण घेतलं, वकिलीही केली. स्मिता तळवलकर दूरदर्शनवर बातम्या द्यायच्या, मग अभिनयात आल्या आणि त्यानंतर 'अस्मिता चित्र' ही निर्मितीसंस्था उभी केली. यांपैकी कुणीही रांग टाळण्यासाठी निर्माता झालं नाही.

आता हिशेबाकडे येते, कारण तुमच्या घराचा प्रश्न हिशेबाचा आहे. चार मित्रांचे मिळून ४० लाख. समजा मल्टिप्लेक्सचं तिकीट २३६ रुपयांचं आहे. त्यातले ३६ रुपये जीएसटी. उरलेल्या २०० पैकी पहिल्या आठवड्यात साधारण निम्मे थिएटरवाल्यांचे, आणि पुढच्या आठवड्यांत त्यांचा वाटा वाढत जातो. राहिले १००. त्यातून वितरकाचं कमिशन १५ धरू. हातात ८५. म्हणजे ४० लाख नुसते परत यायला ४७ हजारांवर माणसांनी तिकीट काढून यायला हवं, तेही प्रसिद्धीवर एक रुपया खर्च न करता. आणि प्रसिद्धी न करता ४७ हजार माणसं येत नाहीत, हे मुलगाही जाणतो. नवख्यांच्या चित्रपटाला सकाळी साडेनऊचा नाहीतर दुपारचा एकच शो मिळतो आणि सोमवारी तोही जातो. राज्य सरकारचं अनुदान आहे, 'ते मिळेलच' असं मित्र म्हणत असतील. पण ते चित्रपट पूर्ण होऊन सेन्सॉर झाल्यावर, परीक्षणात पात्र ठरला तर, दर्जानुसार मिळतं. शूटिंगच्या दिवशी जनरेटरवाल्याला द्यायला ते उपयोगी पडत नाही.

तुमच्या पत्रातल्या एका ओळीने मला जास्त काळजी वाटली. "मित्रच आहेत, करार कशाला?" असं तो म्हणाला म्हणून लिहिलंत. चित्रपटाच्या नावाची नोंदणी कुणाच्या नावावर होणार? सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर निर्माता म्हणून कुणाचं नाव लागणार? बजेट ४० चं ५५ झालं तर वरचे १५ कोण आणणार? हे कागदावर नसेल तर दहा लाख देऊन तुमच्या मुलाला पडद्यावर 'सहनिर्माता' एवढी पाटी मिळेल आणि हक्क दुसऱ्याचा राहील. मैत्री जाते ती वेगळीच, आणि ती गेल्याचं दुःख या वयात पैशांपेक्षा मोठं असतं.

मग त्याने करायचं काय? निर्मितीच्या खात्यात काम धरावं. मालिकेच्या सेटवर त्याची ओळख झालीच आहे, तिथल्या प्रॉडक्शन कंट्रोलरला भेटून असिस्टंट म्हणून उभं राहावं. पगार तुटपुंजा असेल आणि दिवस बारा तासांचा. पण तिथे कॉलशीट, म्हणजे कुणी किती वाजता सेटवर यायचं त्याचा कागद, कसा निघतो, पावसाने आउटडोअर रद्द झालं की त्या दिवसाचा खर्च कुणाच्या डोक्यावर बसतो, स्पॉटदादापासून मेकअपपर्यंत प्रत्येकाचं कन्व्हेयन्सचं व्हाउचर कसं बनतं, हे कळतं. रात्री पॅकअपनंतर प्रॉडक्शनचा मुलगा मांडी घालून रोकड आणि व्हाउचरं जुळवत बसतो, तेव्हा नट घरी पोचलेले असतात. माझ्या मते निर्माता त्या मांडीवर घडतो. असिस्टंटपासून प्रॉडक्शन मॅनेजर, मग शूटिंगचा रोजचा खर्च सांभाळणारा लाइन प्रोड्युसर, पुढे एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर असा हा रस्ता आहे. यात जीएसटी, टीडीएस, ताळेबंद कळणारा मुलगा पटकन पुढे जातो. ज्या बी.कॉम.ला तो कंटाळलाय, ते इथे त्याच्या कामी येणार आहे.

अभिनयही सोडू नये. पदवीनंतर मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातल्या थिएटर आर्ट्स अकादमीत दोन वर्षांचं एम.ए. करता येईल. निर्मितीचंच रीतसर शिक्षण हवं असेल तर कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेत त्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, त्यालाही पदवी लागते. आणि मित्रांचा उत्साह वाया जायला नको. चौघांनी मिळून एखादी एकांकिका स्वतः उभी करून स्पर्धेत उतरवावी. तालमीची जागा, नेपथ्य, टेम्पो, सगळा खर्च त्यांनीच काढायचा आणि हिशेब वहीत लिहायचा. त्यात चौघांपैकी कोण पैशाला चोख आहे, ते चौघांनाही समजेल.

यजमानांसाठी वेगळं लिहिते. त्यांनी फंडाचे पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेत आणि त्याच्या व्याजावर घर चालतं, असं तुम्ही म्हणता. मग 'नाही' त्यांनीच सांगावं, तुमच्या तोंडून नको. आणि सांगताना मुलाच्या स्वप्नावर बोलू नये, आपल्या घरखर्चावर बोलावं. दर तिमाहीला व्याज किती येतं, महिन्याला औषधं किती, सोसायटीचा मेंटेनन्स किती, हे मुलाला समोर बसवून दाखवावं. त्याला हे आजवर कुणी दाखवलेलं नसणार.

तो चिडेल, दोन दिवस जेवायला सगळ्यांबरोबर बसणार नाही. बसू दे त्याला वेगळं. नंतर त्या चौघांनी केलेलं ४० लाखांचं बजेट माझ्याकडे पाठवायला सांगा, मी ओळ न् ओळ तपासून त्यालाच उत्तर लिहीन. आणि केटीच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय का, तेवढं आजच विचारा.

तुमची,
करिअर मार्गदर्शक, दादर