आधी मजकूर वाच

प्रिय मुली,

बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानात, सोळाव्या अध्यायात नवव्या वचनापासून विसाव्यापर्यंत कंस का टाकलाय, हे तू चर्चच्या तरुण संघात विचारलंस आणि 'शंका सैतान घालतो' म्हणून तुला गप्प बसवलं गेलं. मग रात्र जागून तू व्हिडिओ पाहिलेस. तिथल्या माणसाने सांगितलं की सगळं पवित्र शास्त्रच बनावट आहे. तुझा गोंधळ उडाला यात नवल नाही. पण दोन्हीकडे एकच झालं, हे तुझ्या लक्षात आलं का? मार्क कुणी उघडलाच नाही. तूही नाही.

आधी मजकूर. मत त्यानंतर, मग ते पाळकसाहेबांचं असो, प्राध्यापकाचं असो की माझं.

ही वचनं जुन्या हस्तलिखितांत नाहीत, ही त्या कंसाखालची टीप खरी आहे. सायनाय आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या ग्रीक हस्तलिखितांत मार्क आठव्या वचनालाच संपतो. स्त्रिया कबरेपासून पळाल्या आणि भीतीपोटी कुणाला काही बोलल्या नाहीत, इथेच. हा शोध कुणा नास्तिकाने काल-परवा लावलेला नाही. कैसरियाचा बिशप युसेबियस त्याच शतकात हे लिहून गेलाय. लॅटिन भाषांतरकार जेरोमलाही ठाऊक होतं, तरी त्याने आपल्या बायबलमध्ये नऊ ते वीस ही बारा वचनं ठेवली. आपल्याच माणसांनी उघडपणे नोंदवलेली गोष्ट ऐकून तू हादरतेस? आणि येशूच्या पुनरुत्थानाची साक्ष काही त्या बारा वचनांवर टांगलेली नाही. करिंथकरांस पहिलं पत्र, पंधरावा अध्याय काढ. प्रेषित पौलाने ते इ.स. ५५च्या आसपास लिहिलं. बहुतेक अभ्यासकांच्या मते मार्कच्याही आधी.

आता एक काम कर. वहीचं पान आडवं धर, चार रकाने आख, एकेका शुभवर्तमानाला एक. मार्क १६, मत्तय २८, लूक २४, योहान २०. कबरेकडे कोण गेलं, तिथे कोण दिसलं, एवढंच स्वतःच्या हाताने उतरवून काढ. मार्कमध्ये पांढरा झगा घातलेला एक तरुण, मत्तयमध्ये देवदूत, लूकमध्ये दोन पुरुष, योहानमध्ये दोन देवदूत. लगेच त्यांचा मेळ घालायला बसू नकोस, आणि 'बघा, विसंगती!' म्हणून नाचूही नकोस. चौघांना आपापलं बोलू दे. ज्याला हे वचन देवाचं वाटतं, त्याने तर ते अधिकच बारकाईने वाचायला हवं. आपले लोक नेमके इथेच आळशी होतात आणि त्या आळसाला विश्वास म्हणतात. याचा मला संताप येतो.

जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा छत्तिसावा अध्याय तू कधी वाचलायस? थंडीचे दिवस, राजा यहोयाकीम शेगडीपाशी बसलाय. यिर्मयाचे संदेश लिहिलेल्या गुंडाळीचे तीन-चार रकाने वाचून झाले की तो चाकूने तेवढा भाग कापतो आणि विस्तवात टाकतो. अख्खी गुंडाळी जळते. मग यिर्मया पुन्हा सांगतो, त्याचा लेखक बारूख पुन्हा लिहितो, आणि शेवटच्या वचनात स्पष्ट म्हटलंय की तसल्याच आणखी पुष्कळ वचनांची भर पडली. या ग्रंथाचं जुनं ग्रीक भाषांतर हिब्रूपेक्षा सुमारे आठव्या हिश्शाने लहान आहे. १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत जुन्या गुंडाळ्या सापडत गेल्या. त्यांत यिर्मयाची लहान आणि मोठी अशी दोन्ही रूपं हिब्रूत मिळाली. ग्रंथ कसा घडत गेला हे ग्रंथ स्वतःच सांगतोय. आपण ऐकायला तयार नाही.

माझ्याबद्दल तुझ्या कानावर आलं असेल. माझा शास्त्राभ्यास वर्ग बंद करायला लावला होता. मी पोरांचा विश्वास डळमळीत करतो, असा आरोप होता. मी कुणाचाही विश्वास डळमळीत केला नाही. त्या वर्गातली पोरं आजही उपासनेला येतात. जे लोक चर्च सोडून गेले, ते उत्तर मिळालं नाही म्हणून गेले. हे मी तेव्हाही बोललो, आजही बोलेन. खंत आहे ती वेगळीच. नोकरीच्या धबडग्यात हिब्रू राहून गेली. निवृत्तीनंतर अक्षरं गिरवायला घेतली, तर आता डोळे साथ देत नाहीत.

तुझे डोळे शाबूत आहेत, म्हणून मी मागे लागतो. मराठीत साधनं कमी आहेत हे कारण मला देऊ नकोस. पंडिता रमाबाईंनी केडगावात, मुक्ती मिशनचा एवढा पसारा सांभाळून, मोठ्या वयात हिब्रू आणि ग्रीक आत्मसात केली आणि अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. १९२२ साली त्या गेल्या, तोवर त्याच कामात होत्या.

शनिवारी ऐरोलीहून ऑफिस सुटल्यावर थेट ठाण्याला घरी ये. काकूने जेवायला थांबायला सांगितलंय. त्याआधी मार्क एका बैठकीत, मोठ्याने वाच. दीडेक तास लागेल. लोकलमध्ये तुकडे पाडून वाचू नकोस. छापील प्रत घे, मोबाईल नको. चार रकान्यांचं पान आण. प्रश्नही लिहून आण, पण व्हिडिओतले नकोत. वाचताना तुला स्वतःला पडलेले हवेत.

प्रभूच्या प्रेमात,
तुझा काका