क्लॅश रोयाल : डेक बांधताना पडणारे प्रश्न

फिनलंडच्या हेलसिंकी येथील सुपरसेल या कंपनीने मार्च 2016 मध्ये जगभर उपलब्ध केलेला क्लॅश रोयाल हा खेळ वरवर पाहता सोपा आहे. दोन्ही बाजूंना प्रत्येकी तीन टॉवर, हाताशी आठ कार्डांचा डेक, त्यांपैकी एका वेळी चारच कार्डे हातात, आणि ती टाकण्यासाठी थेंबाथेंबाने भरणारा एलिक्झर, म्हणजे कार्डांची किंमत चुकवण्याचे द्रव्य, एवढाच त्याचा संसार आहे; प्रतिस्पर्ध्याचे टॉवर पाडणे हे ध्येय. याच खेळाचा समावेश 2018 साली जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत प्रात्यक्षिक प्रकार म्हणून झाला होता. वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी डेकच्या बांधणीशी संबंधित असलेले प्रश्न येथे घेतले आहेत. कार्डांच्या ताकदीत कंपनी वेळोवेळी फेरफार करत असल्यामुळे ‘सध्याचा सर्वांत भारी डेक कोणता’ या प्रश्नाला उत्तर देण्याचे टाळले आहे. ते उत्तर छापून होईपर्यंत शिळे होते.

प्रश्न : माझ्याकडे बहुतेक मोठी कार्डे आहेत. मेगा नाइट, पेक्का, विझार्ड, विच, प्रिन्स, इलेक्ट्रो विझार्ड, इन्फर्नो ड्रॅगन आणि फायरबॉल असा माझा डेक आहे. तरीही माझ्यापेक्षा साधी कार्डे असलेले खेळाडू मला हरवतात. चूक कुठे होते आहे? (महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे)

उत्तर : आपल्या डेकमधले एकही कार्ड वाईट नाही, मात्र लग्नघरी सगळेच मानकरी जमले आणि वाढपी कोणीच नाही, तशी त्याची अवस्था झाली आहे. आठ कार्डांच्या किमतींची बेरीज करून पाहा : 7, 7, 5, 5, 5, 4, 4 आणि 4, म्हणजे 41 एलिक्झर, सरासरी 5.1. सामन्याच्या पहिल्या दोन मिनिटांत एक एलिक्झर भरायला 2.8 सेकंद लागतात. म्हणजे सुरुवातीला हाती असलेली शिल्लक सोडली, तर आपली आठही कार्डे एकेकदा टाकण्यापुरता एलिक्झर भरायला जवळपास 115 सेकंद लागतील. प्रतिस्पर्ध्याच्या हाती त्याचे आवडते कार्ड तिसऱ्यांदा आलेले असते, तेव्हा आपला फायरबॉल कदाचित पहिल्यांदाच दिसत असतो.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. या डेकमध्ये वाटेतल्या सैन्याकडे दुर्लक्ष करून थेट टॉवरकडे जाणारे कार्डच नाही. खेळाडू त्याला विन कंडिशन म्हणतात. हॉग रायडर, जायंट, गोलेम, बलून, बॅटल रॅम ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. पेक्का कितीही दांडगी असली, तरी समोर तीन-चार सांगाडे (स्केलेटन्स) टाकले की ती टॉवर सोडून त्यांच्यामागे लागते. तिसरी उणीव स्वस्त स्पेलची, म्हणजे सैन्य न उतरवता थेट मारा करणाऱ्या कार्डाची, आहे : प्रतिस्पर्ध्याने 3 एलिक्झरची गॉब्लिन गँग टाकली, की आपल्याला 5 एलिक्झरचा विझार्ड काढावा लागतो, आणि असे चार वेळा घडले की आठ एलिक्झरची तूट आपण आपल्याच हाताने ओढवून घेतलेली असते.

सगळा डेक मोडायची गरज नाही. पेक्का, इलेक्ट्रो विझार्ड, इन्फर्नो ड्रॅगन आणि फायरबॉल ठेवा. मेगा नाइट, विझार्ड, विच आणि प्रिन्स यांच्या जागी बॅटल रॅम, बँडिट, रॉयल घोस्ट आणि झॅप घ्या. बेरीज 41 वरून 31 वर येते, म्हणजे डेकची एक फेरी सुमारे 28 सेकंदांनी लवकर पूर्ण होते. आता प्रत्येक कार्डाला काम आहे : पेक्का प्रतिस्पर्ध्याचा टँक, म्हणजे भरपूर मारा सोसत पुढे येणारे कार्ड, अडवते, इन्फर्नो ड्रॅगन आकाश सांभाळतो, झॅप वटवाघळांसारखी किरकोळ झुंड साफ करतो, आणि प्रतिस्पर्ध्याने एखादे महागडे कार्ड मागच्या बाजूला टाकले की दुसऱ्या लेनमधून, म्हणजे मैदानाच्या दुसऱ्या बाजूच्या वाटेने, रॅम आणि बँडिट पुलावरून आत शिरतात. मेगा नाइट काढताना मनाला लागेल, हे मान्य आहे. पण सात एलिक्झरची दोन कार्डे एकाच हातात आली, की बचावासाठी उरलेली दोनच कार्डे परवडतात, हा अनुभव आपल्याला नक्कीच आला असेल.

प्रश्न : नामांकित खेळाडू वापरतात तो सरासरी 2.6 एलिक्झरचा हॉग सायकल, म्हणजे हॉग रायडर पुन्हा पुन्हा आणणारा, डेक मी जसाच्या तसा घेतला, पण माझी जिंकण्याची संख्या उलट कमी झाली. हा डेक माझ्यासाठी नाही असे समजावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : डेकची नक्कल होते, सवयींची होत नाही, आणि हा डेक जवळपास पूर्णपणे सवयींवर चालतो. हॉग रायडर 4, मस्केटिअर 4, फायरबॉल 4, कॅनन 3, लॉग 2, आइस गोलेम 2, आइस स्पिरिट 1 आणि स्केलेटन्स 1 अशी त्याची 21 एलिक्झरची बेरीज होते. टाकलेले कार्ड पुन्हा हातात येण्यासाठी मध्ये दुसरी चार कार्डे टाकावी लागतात, हा या खेळाचा मूळ नियम आहे. येथे सर्वांत स्वस्त चार कार्डांची किंमत अवघी 6 आहे. म्हणजे हॉगसकट पूर्ण फेरी 10 एलिक्झरमध्ये होते आणि साध्या वेगातही 28 सेकंदांनी हॉग पुन्हा दारात उभा करता येतो. प्रतिस्पर्ध्याने पहिला हॉग टेस्ला या बचावाच्या इमारतीने अडवला असेल, तर त्याची टेस्ला हातात परत येण्याआधी आपला दुसरा हॉग पोहोचला पाहिजे. या डेकची सगळी ताकद एवढ्या एका फटीत आहे.

बहुतेक नवशिके येथे एकच चूक करतात : हॉग लवकर यावा म्हणून स्वस्त कार्डे नुसती फेकतात. एक एलिक्झरचे स्केलेटन्स हे चार एलिक्झरच्या मिनी पेक्काचे उत्तर आहे, पण ते तिच्याभोवती मैदानाच्या मध्यभागी, दोन्ही टॉवरांचा मारा तिच्यावर पडेल अशा जागी टाकले तरच. कॅननही टॉवरसमोर ठेवण्याऐवजी मध्यावर ठेवावी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा हॉग किंवा जायंट तिच्याकडे वळतो आणि वाटेत दोन्ही टॉवरांचे बाण खातो. शिवाय आकाशातून येणाऱ्यांवर भरवशाने मारा करणारी मस्केटिअर येथे एकटीच आहे. प्रतिस्पर्ध्याकडे फायरबॉल दिसला असताना तिला टॉवरला खेटून उभी केली, तर एकाच स्पेलमध्ये ती आणि टॉवर दोन्हींना फटका बसतो. आणखी शंभर सामने खेळा आणि त्यांत फक्त जागा पाहा. त्यानंतरही जमले नाही, तर खुशाल डेक बदला.

प्रश्न : माझ्या डेकमध्ये गॉब्लिन बॅरल आहे, पण प्रत्येकाकडे लॉग हा स्पेल असतो आणि बॅरल फुकट जाते. बॅरल काढून टाकू का? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : प्रत्येकाकडे लॉग असणे ही आपली अडचण नसून भांडवल आहे. मेंढीकोट खेळताना कोणाचा हुकूम पडून गेला आणि कोणती दश्शी अजून बाहेर आहे हे आपण मनात धरून ठेवतो. बॅरल टाकण्याआधी लॉगचा हिशोब तसाच ठेवायचा असतो. दोन एलिक्झरच्या लॉगने तीन एलिक्झरची बॅरल, म्हणजे तिच्यातून टॉवरवर उतरणारे गॉब्लिन, साफ होते हे खरे आहे, पण तोच लॉग प्रतिस्पर्ध्याला प्रिन्सेससाठी हवा असतो आणि गॉब्लिन गँगसाठीही हवा असतो. म्हणून लॉग बेट, म्हणजे लॉगला आमिष दाखवणाऱ्या, या प्रकारात एकाच स्पेलला घाबरणारी तीन-चार कार्डे मुद्दाम एकत्र ठेवतात. त्याचा जुना, रुळलेला साचा असा : गॉब्लिन बॅरल, प्रिन्सेस, गॉब्लिन गँग, नाइट, आइस स्पिरिट, इन्फर्नो टॉवर, रॉकेट आणि लॉग. बेरीज 26, सरासरी 3.3.

यातील क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रिन्सेस पुलाजवळ उभी करावी. तिचा मारा दूरवर पोहोचत असल्यामुळे प्रतिस्पर्ध्याला तिच्याकडे फार काळ दुर्लक्ष करता येत नाही, आणि त्याने तिच्यावर लॉग सोडला की त्याच क्षणी बॅरल टॉवरवर टाकावी. कारण लॉग परत यायला त्याला चार कार्डे टाकावी लागणार आहेत. त्याने लॉग राखून ठेवला, तर प्रिन्सेस टॉवरला कुरतडत राहते आणि तोही सौदा आपल्याच फायद्याचा ठरतो. प्रतिस्पर्ध्याकडे लॉगबरोबर ॲरोजही निघाले, तर मात्र बॅरलवर विसंबू नये. इन्फर्नो टॉवर आणि नाइट यांच्या जोरावर बचाव करत, शेवटच्या टप्प्यात रॉकेटने टॉवर संपवण्याचा मार्ग धरावा. पाहणाऱ्याला हा खेळ कंटाळवाणा वाटतो आणि हरणाऱ्याला संताप आणतो, पण तो नियमात बसतो.

आपल्या डेकमध्ये बॅरलशिवाय लॉगला घाबरणारे दुसरे एकही कार्ड नसेल, तर मात्र बॅरल काढलेलीच बरी.

प्रश्न : कार्डांची लेव्हल वाढवताना सोने पुरत नाही. सगळी कार्डे थोडी थोडी वाढवावीत की एकच डेक? आणि पैसे देऊन कार्डे घेतल्याने डेक बळकट होतो का? (नोकरदार वाचक, ठाणे)

उत्तर : एकच डेक. एका लेव्हलने कार्डाची ताकद साधारण दहा टक्क्यांनी वाढते. हा आकडा किरकोळ वाटतो, पण काही जोड्यांमध्ये तेवढ्यानेच निकाल फिरतो. सारख्या लेव्हलचा फायरबॉल लागला तर मस्केटिअर थोडक्यात वाचते. तोच फायरबॉल एका लेव्हलने वरचा असेल तर ती जागीच मरते. म्हणून आपल्या डेकमधल्या स्पेलने नेमके कोण मरायला हवे हे आधी ठरवून त्या स्पेलकडे प्रथम लक्ष द्यावे, आणि मग विन कंडिशनकडे वळावे. कॉमन आणि रेअर कार्डे भरपूर मिळतात, त्यामुळे त्यांच्यावर उभा राहणारा डेक लवकर पूर्ण होतो. लेजेंडरी आणि 2021 मध्ये आलेल्या चॅम्पियन कार्डांच्या प्रती जमायला फार काळ जातो.

2023 पासून आलेल्या इव्होल्यूशनचा विचारही येथेच करायला हवा. कार्ड एकदा किंवा दोनदा साध्या रूपात टाकल्यानंतर त्याचे विकसित रूप हाती येते, त्यामुळे वेगाने फिरणाऱ्या डेकमध्ये स्वस्त कार्डाचे इव्होल्यूशन सामन्यात अनेकदा उगवते, तर जड डेकमध्ये त्याची वाटच पाहावी लागते. पैशांबद्दल सांगायचे, तर त्यांनी लेव्हल लवकर वाढते, बांधणी सुधारत नाही. पहिल्या प्रश्नातला डेक सर्वोच्च लेव्हलला नेला, तरी त्याची सरासरी 5.1 च राहील.

प्रश्न : मला गोलेम आवडतो, पण तो टाकला की दुसऱ्या बाजूचा टॉवर जातो. (एक वाचक, गोवा)

उत्तर : गोलेमची किंमत 8 आहे आणि एलिक्झरची टाकी 10 ची आहे, म्हणजे भरल्या टाकीतून गोलेम टाकला तरी हातात दोनच उरतात, आणि समजूतदार प्रतिस्पर्धी त्याच क्षणी दुसऱ्या लेनमध्ये हल्ला करतो. पहिल्या दोन मिनिटांत गोलेम टाकायचाच असेल, तर प्रतिस्पर्ध्याने नुकतेच काही महागडे कार्ड टाकल्यावर आणि स्वतःची टाकी भरलेली असतानाच, किंग टॉवरच्या, म्हणजे मधल्या मुख्य टॉवरच्या, मागे टाकावा. तो सावकाश चालतो, आणि तो पुलापर्यंत पोहोचेतो नाइट विच किंवा बेबी ड्रॅगनपुरता एलिक्झर जमतो. दुसऱ्या टॉवरचे थोडे नुकसान सोसण्याची तयारी मात्र ठेवावी लागते. खरा खेळ शेवटच्या मिनिटात, एलिक्झर दुप्पट वेगाने भरू लागल्यावर सुरू होतो.

डेकमध्ये लाइटनिंग आहे का ते पाहा. गोलेमचा खरा वैरी इन्फर्नो टॉवर ही बचावाची इमारत. लाइटनिंग आपल्या परिघातल्या सर्वाधिक प्राण असलेल्या तीन लक्ष्यांवर पडते आणि इन्फर्नोचा चढत गेलेला मारा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावते. त्या दोन-तीन सेकंदांत टॉवर पडतो किंवा सामना हातचा जातो.

प्रश्न : क्लॅन वॉरसाठी, म्हणजे खेळाडूंच्या गटांमधल्या लढतीसाठी, चार डेक लागतात आणि कोणतेही कार्ड दोनदा वापरता येत नाही. माझे पहिले दोन डेक उत्तम होतात, तिसरा बरा आणि चौथा भंगार. (क्लॅनप्रमुख, नागपूर)

उत्तर : 2020 पासून चालू असलेल्या या पद्धतीत 32 वेगवेगळी कार्डे लागतात, आणि आपण एकेक डेक पूर्ण करत पुढे जात असल्यामुळे चौथ्याच्या वाट्याला गाळ येतो. उलट करा. चारही डेकचे सांगाडे एकाच वेळी मांडा : प्रत्येकाला एक विन कंडिशन, एक मोठा स्पेल आणि एक छोटा स्पेल. हॉगला फायरबॉल आणि झॅप, गॉब्लिन बॅरलला रॉकेट आणि लॉग, गोलेमला लाइटनिंग आणि बार्बेरियन बॅरल, ग्रेव्हयार्डला पॉयझन आणि जायंट स्नोबॉल, अशी वाटणी केली की बारा कार्डे बसतात आणि ॲरोज अजून हातात राहतात.

भांडण पुढे लागते. हॉग आणि लॉग बेट दोघेही आइस स्पिरिट मागतात. तेथे हॉगला इलेक्ट्रो स्पिरिट द्या, तोही एकच एलिक्झर घेतो. बेबी ड्रॅगन आणि टॉर्नेडो ही जोडी गोलेमलाही हवी असते आणि ग्रेव्हयार्डलाही. माझ्या मते ड्रॅगन गोलेमकडे आणि टॉर्नेडो ग्रेव्हयार्डकडे जावा, कारण आपल्या बाजूला आलेले सैन्य ओढून किंग टॉवर जागा करण्याचे, म्हणजे त्यालाही मारा करायला लावण्याचे, काम बचावावर जगणाऱ्या डेकला अधिक लागते. नाइट लॉग बेटकडेच राहू द्या. बचावाच्या इमारती, म्हणजे कॅनन, टेस्ला, इन्फर्नो टॉवर, शेवटी वाटा, आणि ज्यांच्या डेकची लेव्हल कमी आहे अशा क्लॅनमधल्या नव्या सभासदांना चौथा डेक म्हणून ग्रेव्हयार्ड देऊ नका. तो सर्वांत अवघड आहे, त्यांना हॉग द्या.