रिपोर्ट निल आला, तरी धोका कसा?

'माझा रिपोर्ट निल आला. आता कॅन्सरची भीती नाही ना?' बीड जिल्ह्यातल्या 31 वर्षांच्या एका बाईंचा हा प्रश्न. घराण्यातून येणाऱ्या कॅन्सरच्या धोक्यासाठी त्यांनी बीआरसीए1 या जीनची रक्ततपासणी करून घेतली होती, तिच्यात बिघाड दिसला नव्हता. आत्याला 39व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला, तोही ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनच्या आणि हर2वरच्या औषधांना दाद न देणारा प्रकार. आजी पन्नाशीत 'पोटात पाणी होऊन गेली', एवढंच घरात ठाऊक. वंशावळ काढताना असं वाक्य सोडायचं नसतं, त्यामागं अंडाशयाचा कॅन्सर असू शकतो.

'पण हे तर वडिलांकडचं,' त्या म्हणाल्या. बीआरसीए1 हा जीन 17व्या गुणसूत्रावर असतो, लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर नाही. त्यातला बिघाड बापाकडूनही तितकाच येतो.

चूक झाली ती क्रमात. घरात कॅन्सर झालेलं माणूस हयात असेल, तर आधी त्याचं रक्त तपासायचं. तिथं बिघाड सापडला की नातलगांमध्ये नेमका तोच शोधायचा. त्याआधी आलेल्या निल रिपोर्टवर विसंबता येत नाही: बिघाड मुळात नाही, की तपासणीला दिसला नाही, हे कळत नाही.

आत्या अंबाजोगाईला. जांभळ्या झाकणाच्या नळीत 3-4 मिली रक्त घेतलं, सोबत बायोप्सीचा रिपोर्ट जोडला. महिन्याभरानं कळलं, बीआरसीए1चा एक तुकडाच गळालेला. भाचीच्या पहिल्या तपासणीत जीनची अक्षरं वाचली होती, तुकडे मोजले नव्हते. प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एका प्रतीतला तुकडा नसला तरी दुसऱ्या प्रतीतली अक्षरं वाचली जातात आणि सगळं ठीक दिसतं. एमएलपीए या वेगळ्या तपासणीत तुकडे मोजले, तेव्हा भाचीतही तोच बिघाड निघाला.

बिघाड म्हणजे कॅन्सर नव्हे. पण अशा 100 बायकांपैकी साधारण 70 जणींना ऐंशीपर्यंत स्तनाचा, तर चाळीसेक जणींना अंडाशयाचा कॅन्सर होतो. म्हणून दर 6 महिन्यांनी डॉक्टरांकडून स्तनांची तपासणी, वर्षाला एमआरआय आणि मॅमोग्राफी. अंडाशयाचा कॅन्सर सोनोग्राफीत वेळेवर सापडेल याचा भरवसा नाही. मूलबाळ झाल्यावर 35 ते 40 दरम्यान अंडाशय आणि गर्भनलिका काढून घ्याव्यात, हेच आम्ही सांगतो. आत्याचा आजार उलटला, तर ओलापारिब या, बीआरसीएच्या बिघाडातून झालेल्या कॅन्सरवर चालणाऱ्या गोळ्यांचा विचार करता येतो.

वडील बराच वेळ गप्प होते. 'म्हणजे माझ्यामुळंच की!' तसं नाही. त्यांनाही ते आईकडूनच आलं असणार, आणि प्रत्येक लेकराला ते जाण्याची शक्यता निम्मी असते. त्यात कुणाच्या हातात काही नसतं.

मग खरी काळजी बाहेर पडली: धाकटीचं लग्न जमायचंय, गावात कळलं तर? रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हाती दिला जातो. धाकटी 22 वर्षांची आहे, तपासणी करायची की नाही ते तिनंच ठरवायचं. एमआरआय 25व्या वर्षी सुरू होते. तिच्याकडे विचाराला वेळ आहे.