सेंट्रोसोम दुभंगतो की दुणावतो?

प्रश्न असा आलाय की सेंट्रोसोम डुप्लिकेशनला, म्हणजे पेशीतले धागे जिथून निघतात त्या छोट्या केंद्राचे एकाचे दोन होण्याला, मराठीत द्विभाजन म्हणायचं का, आणि प्रोटीन कायनेज नावाची एन्झाइम्स त्याचं 'नियंत्रण' करतात की 'नियमन'.

द्विभाजन नकोच. भाजन म्हटलं की एकाचे दोन तुकडे डोळ्यासमोर येतात आणि इथे कुणी चिरला जात नाही. सेंट्रोसोममध्ये दोन सेंट्रिओल, म्हणजे नळीसारख्या बारीक रचना, असतात, पेशी डीएनएची प्रत काढत असते त्याच सुमाराला दोघांच्या कुशीला एकेक नवा उगवतो, झाले चार, मग जोड्या वेगळ्या झाल्या की दोन सेंट्रोसोम. 'प्रतिकृती'ही खटकतं, कारण डीएनएची जशी अक्षरं बघून नक्कल उतरते तसं इथे नाही, जुना मुख्यतः जागा देतो. (आणि डुप्लिकेट म्हटलं तर आपल्याकडे माल नकली निघतो!)

द्विगुणन चालेल, पण मला विचाराल तर आपलं साधं 'दुणावणं' काय वाईट आहे? फक्त आनंद दुणावला म्हणताना कुणी मोजत बसत नाही, इथे हिशोब चोख लागतो, एकाला एकच. सेंट्रोसोम जास्त झाले तर स्पिंडलला (पेशी विभागताना क्रोमोसोम वाटणारी धाग्यांची चाती) दोनाऐवजी तीन-चार टोकं फुटू शकतात आणि क्रोमोसोमची वाटणी बिघडते.

आता नियंत्रण की नियमन. कायनेज करतो काय, तर एटीपी या पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवरचा फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रोटीनला चिकटवतो, बस. इथला मुख्य कायनेज म्हणजे पीएलके४, तो आधी जुन्या सेंट्रिओलभोवती कडं करून असतो, मग एका ठिपक्यावर गोळा होतो आणि नवा तिथेच उगवतो. गंमत म्हणजे हा स्वतःवरही फॉस्फेट लावतो आणि त्या खुणेवरून पेशी त्यालाच मोडीत काढते, म्हणून त्याचं प्रमाण कमी राहतं, वाढलं तर एका जुन्याभोवती नव्यांचं फूलच उमलतं. नियंत्रण म्हटलं की काठी घेऊन उभा राहणारा आठवतो, तो स्वतःलाच कशाला मारेल, म्हणून मी नियमन म्हणेन. सीडीके२ हा दुसरा कायनेज सायक्लिन ई या जोडीदार प्रोटीनबरोबर सुरुवातीची वेळ साधायला मदत करतो, आणि पीएलके१ हा तिसरा पेशीविभाजनाच्या वेळी जुन्या-नव्याची घट्ट मिठी सोडवायला हातभार लावतो, ती सुटल्याशिवाय पुढची फेरी नाही.

राहिला उच्चार. किनेज, काइनेज, कायनेज सगळं दिसतं, मी कायनेज लिहितो. मूळ ग्रीक धातूचा अर्थ हलवणं, सिनेमा हा शब्दही त्याच घरातला.