मॉनिटरच्या अ‍ॅम्प्लिफायरचे नॉब किती ठेवायचे, आणि ‘प्रोटेक्ट’चा दिवा विझत का नाही?

तुम्ही लिहिलंय की देवगडला घरच्या खोलीत भजनांचं रेकॉर्डिंग सुरू केलंय, पॅसिव्ह मॉनिटरसाठी (ज्यांच्यात स्वतःचा अ‍ॅम्प नसतो असे ऐकायचे स्पीकर) वापरलेला दोन चॅनेलचा अ‍ॅम्प घेतलाय, पुढचे नॉब किती फिरवायचे ते समजत नाही, आणि आठवडाभर ‘प्रोटेक्ट’चा लाल दिवा लागतो तो विझतच नाही. मी कुडाळजवळ हेच काम करतो, घर चिऱ्याचं, वर कौलं. त्यामुळे तुमची खोली मला न बघताही दिसते.

आधी दिव्याचं बघू, कारण तो तसाच ठेवून चालणार नाही. अ‍ॅम्प चालू केल्यावर प्रोटेक्ट दोन-चार सेकंद लागतोच. तेवढ्यात आतला पुरवठा स्थिरावतो, मग रिले, म्हणजे आतला आपोआप चालणारा स्विच, ‘टक्’ करून स्पीकर जोडतो. टक् वाजलंच नाही, तर अ‍ॅम्पने स्पीकर मुद्दाम तोडून ठेवलाय असं समजा. कुठेतरी शॉर्ट आहे, अ‍ॅम्प तापलाय, किंवा आउटपुटवर डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, येतेय. अ‍ॅम्प बंद करा, स्पीकरच्या चारही वायरी काढा आणि पुन्हा चालू करा. दिवा विझला तर दोष वायरीत किंवा स्पीकरमध्ये आहे. मग एकेक बाजू जोडून बघा, दरवेळी अ‍ॅम्प बंद करूनच. वायरी काढूनही दिवा तसाच राहिला तर दोष आत आहे, अ‍ॅम्प कारागिराकडे न्या. झाकण स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

माझ्याकडे एका आषाढात हेच झालं. बुवा पेटी उघडून बसलेले, पखवाजाला कणीक लावून झालेली, आणि दिवा विझेना. वायर उपसली तर टोकाचं तांबं खाऱ्या हवेने हिरवं पडलं होतं. एक केसाएवढी तार तुटून लाल टर्मिनलवरून काळ्याला टेकली होती. टोक कापलं, नवी तांबडी तार सोलून घट्ट पिळली, आणि टक् वाजलं. आपल्याकडे ही टोकं मी पावसाआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा कापतोच. तुमच्याकडेही पहिला संशय मी यावरच घेईन.

आता नॉब. हा नॉब म्हणजे टेपरेकॉर्डरचा व्हॉल्यूम नव्हे. त्याभोवतीचे आकडे बघा: अगदी उजवीकडे ०, आणि डावीकडे वजा डेसिबल वाढत जातात. म्हणजे ० ला सिग्नल पूर्ण आत येतो आणि डावीकडे फिरवाल तसा अडवला जातो. नॉब अर्ध्यावर म्हणजे वॉटही अर्धे, असं होत नाही. इंटरफेसमधून (संगणकाला माइक आणि अ‍ॅम्प जोडणारी डबी) जोरात सिग्नल आला तर नॉब खाली असूनही अ‍ॅम्प पूर्ण ताकद बाहेर काढू शकतो. उलट नॉब ० वर आणि इंटरफेस अगदी खाली ठेवलात, तर ट्वीटरमधून, म्हणजे वरच्या स्वरांच्या छोट्या स्पीकरमधून, नुसती सूं सूं ऐकू येईल.

मी असं करतो. इंटरफेसचा आउटपुट नॉब रोजच्या जागी ठेवतो, संगणकावरून वजा २० डेसिबलचा पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा खळखळाट) सोडतो, आणि बसायच्या जागी कानाच्या उंचीवर फोनमधला साउंड मीटर धरतो, त्याच्या सेटिंगमध्ये ‘सी वेटिंग’ आणि ‘स्लो’ निवडून. सुरुवातीला अ‍ॅम्पचे दोन्ही नॉब शून्यापासून लांब, अगदी डावीकडे. आधी फक्त डावा मॉनिटर ७५ डेसिबलच्या आसपास आणतो, मग फक्त उजवा. छोट्या खोलीला एवढं पुरतं. फोनचा आकडा थोडा चुकला तरी चालेल, दोन्ही बाजू सारख्या येणं महत्त्वाचं. नॉबच्या खुणा जुळवू नका, जुन्या अ‍ॅम्पमध्ये दोन्ही बाजूंची तीच खूण सारखा आवाज देईलच असं नाही. जुळलं की मार्करने रेघ मारा आणि नॉब विसरा. पुढे आवाज कमी-जास्त करायचा तो इंटरफेसवरून.

‘सिग्नल’चा हिरवा दिवा फक्त आत काहीतरी येतंय एवढंच सांगतो. ‘क्लिप’ लागला म्हणजे लाटेचा माथा सपाट झाला, अ‍ॅम्पच्या आतल्या पुरवठ्याला त्यापुढे जाता येत नाही. अशा सपाट लाटेत वरच्या स्वरांची ताकद वाढते आणि ट्वीटरची कॉइल तापते. चार फुटांवर बसून ऐकताना हा दिवा लागायलाच नको. मात्र एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: पखवाजाची थाप रेकॉर्ड करतानाच फाटली असेल, तर अ‍ॅम्पचा क्लिप अजिबात लागणार नाही. तो फक्त स्वतःचं सांगतो. रेकॉर्डिंगचा मीटर वेगळा बघावा लागतो.

मागचा ब्रिजचा स्विच (दोन्ही चॅनेल एकत्र करून एकच स्पीकर चालवायचा) स्टिरिओवरच ठेवा. ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या वायरीचं अर्थिंग वेगळं करणारा स्विच) फक्त घूं असा आवाज येत असेल तरच वापरून बघा, पण प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका.

चालू करताना इंटरफेस आधी, अ‍ॅम्प शेवटी. बंद करताना अ‍ॅम्प आधी. आणि लाइट गेली की लगेच उठून अ‍ॅम्पचा स्विच बंद करा. ती परत येते तेव्हा सगळं एकदम चालू होतं आणि इंटरफेसचा ठोका थेट वूफरवर बसू शकतो. पावसाळ्यात मी अ‍ॅम्प रोज अर्धा तास तरी चालू ठेवतो, त्याच्या उबेने आतली ओल निघते.

वायरी काढल्यावर दिवा विझतो का, ते तेवढं इथे लिहा. पुढचं त्यावरून सांगतो.