वाचकांचे प्रश्न : रोजचे शास्त्रवाचन

या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे या वेळी एकाच विषयाची आहेत. रोजचे बायबलवाचन ख्रिस्ती जीवनाच्या केंद्रस्थानी असावे, असे आपण सर्वच म्हणतो. परंतु केंद्रस्थानी असणे म्हणजे नेमके काय, याविषयी मात्र पत्रांत बराच गोंधळ, थोडा अपराधभाव आणि एखाद्या पत्रात उघड नाराजीही दिसते. म्हणून इतर प्रश्न बाजूला ठेवून याच विषयाची निवडक पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी नियमाने उपासनेला जातो, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करतो, जमेल तसे दान देतो. तरीही रोज बायबल न वाचणारा ख्रिस्ती अर्धाच, असा सूर मंडळीत वारंवार ऐकू येतो. प्रत्येकाने रोज वाचलेच पाहिजे, अशी आज्ञा पवित्र शास्त्रात कोठे आहे? आणि छापील बायबल नव्हते, तेव्हाचे विश्वासणारे काय करत होते?

उत्तर : प्रत्येक विश्वासणाऱ्याने रोज इतके अध्याय वाचावेत, अशी आज्ञा बायबलमध्ये नाही, हे आधी मान्य करू. पहिल्या मंडळ्यांत हस्तलिखित प्रती मोजक्या होत्या आणि वाचता येणारेही थोडे होते. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पौल ते पत्र मंडळीत वाचून दाखवण्यास आणि मग लावदिकीयाच्या मंडळीतही वाचले जाईल असे पाहण्यास सांगतो. प्रकटीकरणाच्या पहिल्याच अध्यायात वाचणाऱ्या एकाला आणि ऐकणाऱ्या अनेकांना धन्य म्हटले आहे, कारण एकाने वाचायचे व बाकीच्यांनी ऐकायचे हीच तेव्हाची रीत होती. गुटेनबर्गने माइन्झ येथे १४५५च्या सुमारास बायबल छापले, त्यानंतरही सामान्य घरात स्वतःची प्रत यायला पुष्कळ काळ जावा लागला. घरी प्रत नसलेला ख्रिस्ती अर्धा, असे म्हणायचे तर कित्येक पिढ्यांतील संतांना आणि हुतात्म्यांना अर्धे ठरवावे लागेल. असा सूर लावणाऱ्यांनी थोडा विचार करावा, हे बरे.

मात्र त्या पिढ्यांजवळ ग्रंथ नव्हता म्हणून त्यांच्या दिवसात वचनही नव्हते, असा निष्कर्ष काढता येत नाही. घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना देवाच्या आज्ञांविषयी बोलत जा, असे जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. तेथे पुस्तक उघडण्याचा उल्लेखही नाही, पण दिवसाचा एकही भाग मोकळा सोडलेला नाही. लोक स्तोत्रे पाठ करीत असत. सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या मठवासीयांसाठीच्या नियमावलीत श्रमाच्या तासांइतकेच काटेकोरपणे वाचनाचे तास नेमून दिलेले आहेत. १५४९ साली इंग्लंडच्या मंडळीसाठी तयार झालेल्या प्रार्थनाग्रंथात सकाळ-संध्याकाळच्या उपासनेतून दर महिन्याला सर्व १५० स्तोत्रे पूर्ण व्हावीत, अशी योजना होती. कॅथोलिक मंडळीनेही १९६५च्या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजात सर्व श्रद्धावंतांना शास्त्राचे वारंवार वाचन करण्याचा आग्रह केला आहे. साधने बदलली, प्रती वाढल्या, पण वचनाशिवाय दिवस काढायचा नाही हा आग्रह सगळीकडे कायम राहिला.

दिवसेंदिवस वाचण्याची स्पष्ट आज्ञा मात्र बायबलमध्ये एका व्यक्तीला दिलेली सापडते, आणि ती व्यक्ती राजा आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अनुवादाच्या सतराव्या अध्यायात भावी राजासाठी नियम आहेत. त्याने घोडे वाढवू नयेत, पुष्कळ बायका करू नयेत, सोने-चांदी साठवू नये. या निषेधांनंतर त्याने प्रत्यक्ष काय करायचे, हे सांगताना लढाई, न्यायदान किंवा कारभार यांपैकी कशाचेही नाव येत नाही. लेवी याजकांजवळच्या ग्रंथावरून त्याने नियमशास्त्राची प्रत करून घ्यावी, ती स्वतःजवळ ठेवावी आणि आयुष्याचे सर्व दिवस वाचावी, एवढेच तेथे सांगितले आहे. त्याचे एक कारणही दिले आहे : आपल्या बांधवांहून आपण मोठे आहोत, असा गर्व त्याच्या मनात येऊ नये. ज्याचा शब्द राज्यात अखेरचा, त्याने रोज काही वेळ दुसऱ्याच्या शब्दापुढे बसावे, असा हा नियम आहे. आपल्यापैकी प्रत्येकाचे लहानसे का होईना, एखादे राज्य असतेच. ते घरात असेल, कामाच्या जागी असेल किंवा मंडळीच्या समितीत असेल, आणि तेथे आपले म्हणणे खोडून काढणारे कोणी नसते. रोजचे वाचन केंद्रस्थानी असण्याचा अर्थ मी यावरून असा घेतो की दिवसातून एकदा तरी बोलण्याचा अधिकार आपण दुसऱ्याच्या हाती देतो, आणि विषयही त्यालाच निवडू देतो.

प्रश्न : माझ्या मोबाइलवर रोज सकाळी एक वचन येते. दिवसभर मी ते मनात घोळवते आणि त्यातून मला खरोखर धीर मिळतो. तेवढे पुरेसे नाही का?

उत्तर : धीर मिळतो, हे खोटे नाही आणि ते वचन येणे आपण बंद करावे, असेही मी सुचवणार नाही. परंतु वर म्हटल्याप्रमाणे विषय कोण निवडतो, हा प्रश्न येथे उभा राहतो. अशा वचनांची निवड करणारे सहसा दिलासा देणारी वाक्ये निवडतात. पापाची कबुली मागणारी, पैशाविषयी बोलणारी किंवा शत्रूवर प्रीती करायला लावणारी वचने त्यांत फारशी येत नाहीत.

यिर्मयाच्या २९व्या अध्यायातील अकरावे वचन घ्या. तुमच्या अनिष्टाचे नव्हे, तर हिताचे संकल्प माझ्या मनात आहेत आणि मी तुम्हांला आशा व भवितव्य देईन, असा त्याचा आशय सर्वांच्या परिचयाचा आहे. आता दहावे वचन वाचा. बाबेलची सत्तर वर्षे भरल्यावर मी तुमचा समाचार घेईन, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे बाबेलात बंदिवासात नेलेल्या ज्या यहूदी प्रौढांनी यिर्मयाचे हे पत्र ऐकले, त्यांच्यापैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. आणखी मागे, २८व्या अध्यायात गेलो, तर हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सर्व पूर्ववत होईल असे परमेश्वराच्या नावाने सांगत होता, हे कळते. लोकांना तेच ऐकायचे होते, यात शंका नाही. त्याच्या पार्श्वभूमीवर यिर्मया मात्र घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या शत्रूच्या नगरात तुम्हांला नेले आहे त्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करा, असे लिहितो. अकराव्या वचनातील आशा या सगळ्यासह आहे. केवळ तेवढेच वचन उचलले, तर नकळत आपण यिर्मयाच्या तोंडी हनन्याचा संदेश घालतो.

आपण असे करून पाहावे : सकाळी वचन आले की ते ज्या अध्यायातील असेल तो संपूर्ण अध्याय काढून वाचावा. काही आठवड्यांनी मग एखादे पुस्तकच सलग वाचायला घ्यावेसे आपल्याला आपोआप वाटू लागेल.

प्रश्न : दर वर्षी जानेवारीत मी उत्पत्तीपासून संपूर्ण बायबल वाचायला घेतो आणि दर वर्षी लेवीय पुस्तकात अडकतो. यंदाही तेच झाले. यावर उपाय काय?

उत्तर : हा दोष आपल्या निष्ठेचा कमी आणि योजनेचा अधिक आहे. प्रोटेस्टंट बायबलच्या ६६ पुस्तकांत मिळून १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे वर्षभरात ते संपवण्यासाठी रोज तीनहून थोडे अधिक अध्याय वाचावे लागतात. रोज तीन धरले, तरी निवासमंडपाच्या, म्हणजे इस्राएलाच्या उपासनेच्या तंबूच्या, मापांचे निर्गमातील पंचविसावे प्रकरण २५ जानेवारीला समोर येते आणि ३१ तारखेला लेवीय सुरू होते. नव्या वर्षाचा उत्साह नेमका याच सुमारास ओसरत असतो.

स्कॉटलंडमधील डंडीचे पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी वार्षिक वाचनाची योजना तयार केली. तीत जुना करार वर्षातून एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होतात, आणि रोजचे चार भाग बायबलच्या निरनिराळ्या ठिकाणांहून घेतलेले असल्यामुळे लेवीय वाचतानाही शुभवर्तमान किंवा पत्र हाताशी राहते. ती योजना आजही पुष्कळ लोक वापरतात. परंतु आपण अनेकदा थांबला आहात, म्हणून सध्या वर्षाचे लक्ष्य ठेवूच नये, असे माझे मत आहे. मार्काचे १६ अध्याय आधी वाचावेत. त्यानंतर लूक आणि प्रेषितांची कृत्ये एका लेखकाची म्हणून सलग वाचावीत, मग उत्पत्ती घ्यावे आणि निर्गम विसाव्या अध्यायापर्यंत. सोबत रोज एक स्तोत्र असू द्यावे. लेवीय वाचण्याची वेळ येईल तेव्हा इब्री लोकांस पत्र त्याच्या शेजारी ठेवून वाचावे, म्हणजे याजक, रक्त आणि प्रायश्चित्ताचा दिवस यांचे प्रयोजन उमगते. शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी सोडण्याचा नियम लेवीयाच्या १९व्या अध्यायात आहे आणि तो नियम पाळणाऱ्या बवाजाच्या शेतात रूथ सरवा वेचायला जाते. हे एकदा लक्षात आले की ते पुस्तक रुक्ष वाटत नाही.

आणखी एक सूचना. अध्यायांची विभागणी मूळ लेखकांची नाही. आज वापरात असलेली विभागणी तेराव्या शतकाच्या प्रारंभी स्टीफन लँगटन यांनी केली, असे मानले जाते. त्यामुळे अध्याय संपला म्हणून थांबण्याऐवजी प्रसंग संपेल तेथे थांबावे. यशयाच्या ५३व्या अध्यायातील सेवकाचे गीत मुळात ५२व्या अध्यायाच्या तेराव्या वचनापासून सुरू होते. तो सांधा न ओलांडणाऱ्याला गीताचा प्रारंभच मिळत नाही.

प्रश्न : मी रोज वाचते, पण पुस्तक मिटल्यावर काय वाचले ते आठवत नाही. मन कोरडे राहते. अशा वाचनाला काही अर्थ आहे का?

उत्तर : अर्थ आहे, पण वेग कमी करावा लागेल. मार्काच्या पाचव्या अध्यायातील याईराचा प्रसंग आपल्या ओळखीचा असेल. तो मोठ्याने आणि दोनदा वाचा, आणि दुसऱ्या वेळी केवळ याईरावर लक्ष ठेवा. त्याची मुलगी मरणाच्या दारी आहे, येशू त्याच्याबरोबर निघाला आहे आणि वाटेत येशू थांबतो, माझ्या वस्त्रांना कोणी स्पर्श केला, असे विचारतो. शिष्य वैतागून उत्तर देतात. याईर काय म्हणाला, हे मार्क लिहीत नाही. बरे होण्याच्या आशेने ज्या आजारी स्त्रीने स्पर्श केला होता, ती भीत भीत पुढे येऊन सर्व हकिकत सांगते आणि तेवढ्यात मुलगी गेल्याचा निरोप येतो. स्त्रीचा आजार बारा वर्षांचा होता आणि मुलीचे वयही बारा वर्षांचे, हे मार्क मुद्दाम नोंदवतो. म्हणजे त्या घरात मूल जन्मले आणि आनंद झाला, त्याच सुमारास त्या स्त्रीचे दुःख सुरू झाले. येशू तिला ‘मुली’ म्हणून हाक मारतो, आणि ही हाक ऐकणारा बाप आपल्या मुलीसाठी तेथे ताटकळत उभा आहे. सर्वांत शेवटी, मुलगी उठून चालू लागल्यावर, तिला काही खायला द्या, असे येशू सांगतो.

इतके दिसल्यावर एखादा प्रश्न स्वतःलाच विचारावा : दुसऱ्याची प्रार्थना आधी ऐकली गेली, तेव्हा मी कसा उभा राहतो? त्या प्रश्नावरच प्रार्थना करावी आणि तो एका ओळीत लिहून ठेवावा. बाराव्या शतकातील ग्विगो या मठवासीयाने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्या सांगितल्या, त्यांचा क्रम असाच आहे. आपण पहिल्या पायरीवरून उठून कामाला लागत असाल, तर कोरडेपणा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र सर्व दिवस सारखे नसतात. काही दिवशी नीट वाचूनही मनाला काही भिडत नाही, आणि त्याचे कारण शोधत बसण्यात फारसा लाभ नाही.

प्रश्न : माझे पती पहाटे उठून तासभर शास्त्र वाचतात आणि त्यानंतर दिवसभर घरात सर्वांवर ओरडतात. मुले आता विचारू लागली आहेत की मग वाचून उपयोग काय. मी त्यांना काय सांगू?

उत्तर : मुलांचा प्रश्न रास्त आहे आणि तो बायबलमध्येही आहे, हे त्यांना सांगावे. याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय वचन ऐकून त्याप्रमाणे न करणाऱ्याविषयी बोलतो आणि त्याच अध्यायात माणसाने रागास मंद असावे, असेही म्हटले आहे. योहानाच्या पाचव्या अध्यायात येशू ज्यांना दोष देतो ते शास्त्र न वाचणारे नाहीत. ते शास्त्राचा कसून शोध घेणारे आहेत, तरीही त्याच्याकडे यायला तयार नाहीत. आधी उल्लेख केलेल्या मॅकशेन यांनी आपली योजना देतानाच तिच्यातले धोके सांगितले होते. वाचन केवळ उपचार होऊन बसणे आणि वाचले म्हणून स्वतःला नीतिमान समजणे, हे त्यांतील दोन आहेत.

पतींना मुलांसमोर वचने ऐकवू नयेत, त्याने राग वाढेल. त्याऐवजी रात्री पंधरा मिनिटे सर्वांनी मिळून एक शुभवर्तमान क्रमाने वाचावे, आळीपाळीने प्रत्येकाने वाचून दाखवावे आणि या भागाने मला काय विचारले, हे लहान-मोठ्या सर्वांनी एकेका वाक्यात सांगावे, असे आपण सुचवून पाहा. उत्तर देण्याची पाळी वडिलांवरही येईल. आणि त्यांचा राग केवळ ओरडण्यापुरता नसेल, घरात कोणाला मारहाण किंवा भीती असेल, तर हा विषय वाचनाचा राहत नाही. तेव्हा विश्वासू पाळकांची आणि आवश्यक तेथे कायद्याची मदत विनाविलंब घ्यावी. तसे करणे अविश्वासाचे लक्षण नाही.

प्रश्न : छापील प्रतीऐवजी मोबाइलवर वाचले किंवा ध्वनिमुद्रित बायबल ऐकले तर चालेल का? आणि एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचावे का?

उत्तर : ऐकणे ही तर मंडळीची सर्वांत जुनी पद्धत आहे, त्यामुळे तिच्याविषयी शंका नको. मोबाइलवर वाचायला हरकत नाही, पण त्या वेळेपुरत्या सूचना बंद ठेवाव्यात. चुकलेले भाग भरून काढू नयेत. अशी थकबाकी साचली की माणूस वाचनच सोडतो. ज्या ठिकाणी थांबला असाल तेथूनच पुढे वाचावे.